मदत हवी आहे: डॅशकॅमचं फुटेज पुरावा म्हणून कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात पहाटे खंबाटकी घाटाच्या पायथ्याला उलट्या दिशेने आलेली मोटार दादाच्या दहाचाकी गाडीवर आदळली. दादाचा पाय गुडघ्याखाली मोडलाय. एफआयआरमध्ये मात्र चूक त्याचीच. गाडी मोठी, म्हणजे दोष तिचाच!

डॅशकॅममध्ये सगळं दिसतंय. ब्रेक लागतो, काचेपुढचं लिंबू-मिरची झुलतं, आणि समोर दोन दिवे. त्याचं मेमरी कार्ड काढून पाकिटात बंद ठेवलंय, लॅपटॉपला लावलेलं नाही.

वकीलसाहेब म्हणतात, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडायचं. प्रमाणपत्राचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-आकडा) हवी. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या खोतकर निकालात मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्ष देऊन हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असं होतं. दादाने कार्डच हजर केलं तर मोटार अपघात न्यायाधिकरणात ते आता चालेल का?

साताऱ्याकडे हा तज्ज्ञाचा भाग कोण भरून देतं? आणि जीपीएसवाली कंपनी वेगाची नोंद देत नाहीये, ती अर्ज करून मागवता येते का? दाव्याला सहा महिन्यांचीच मुदत आहे. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.