भाऊ ड्यूटीवर निघालाय, त्याच्यासाठी गोधडी शिवतेय. हलकी कशी ठेवू?

निळादोरा
धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात ड्यूटीवर जातोय. कुठे, किती दिवस, हे त्यालाही धड माहीत नाही, आणि मीही विचारायचं सोडून दिलंय. त्याच्या जुन्या शर्टांची गोधडी शिवायला घेतली आहे. चौकटीचे शर्ट आहेत, कॉलेजातला एक फिका निळा आहे (कोपरावर पार विरलाय), शिवाय एक जीन्स. मला मशीन येते, पण ही हातानेच शिवायची आहे. त्यावर वाद नको.

अडचण वजनाची आहे. साहेब म्हणतात, "ताई, पिशवीत मावली तरच नेईन." आत कापूस भरू की जुनी चादर पुरेल? मध्ये मध्ये जीन्सचे तुकडे शोभतील असं वाटतंय. आणि तिकडे हलक्या हाताने कोण धुणार? सगळ्या कपड्यांबरोबर मशीनमध्येच जाणार, हे धरून सांगा.

सुईवाली_मावशी
अगं, जीन्स आधी बाजूला ठेव. वजन सगळं तिथेच वाढतं, आणि जाड शिवणीवर आलीस की हातातली सुई जागची हलत नाही. शर्टांचं सुती कापड भरपूर होईल. कॉलर, कफ, काजपट्टी काढून टाक. शिवणी उसवत बसू नकोस, कडेकडेने सरळ काप. विरलेलं कोपर घेऊ नकोस. कितीही जीव असला त्यात, दोनचार धुण्यांत फाटणारच.

कापायच्या आधी सगळं गरम पाण्यात धू. सुती कापड पहिल्यांदा धुतलं की साधारण 3 ते 5 टक्के आटतं. वरचं आटलं आणि आतलं नाही, की गोधडी चुरगळल्यासारखी दिसते. गडद रंगांवर ओला पांढरा फडका घासून बघ. फडक्याला रंग लागला तर तो शर्ट पुन्हा पुन्हा धू, तरीही सुटला तर वगळ.

सुटा कापूस अजिबात नको, मशीनमध्ये गोळे होऊन कोपऱ्यात जमतो. एक मऊ झालेली सुती चादर बास. सिंथेटिक भराव हलका असतो, लवकर वाळतो, हे खरं. पण ठिणगी पडली तर तो वितळून अंगाला चिकटतो. भाऊ कुठे असेल हे माहीत नसताना मी तरी सुतीच घालीन.

तिन्ही थर अंथरून कच्चे टाके मधून कडेकडे घालत जा, म्हणजे फुगा मध्ये अडकत नाही. मग धावदोरा, दोन ओळींत चार बोटांचं अंतर. काठाला अडीच इंचांची पट्टी दुहेरी दुमडून लाव, कारण गोधडी झिजायला सुरुवात तिथूनच होते. माप साडेचार फूट बाय सहा फूट घे.

परत_आलेला
मी शिवणारा नाही, पांघरणारा. मावशींचं माप मोठं वाटतं. थंडीसाठी आम्हाला सामान मिळतं, बहिणीच्या गोधडीवर ती जबाबदारी नसते. माझी जेमतेम खांद्यापासून गुडघ्यापर्यंत यायची. गुंडाळून उशीला घेतली, गाडीत पाठीमागे लावली, दिवसा झोपायचं असलं की तोंडावर ओढली. मोठी असती तर पेटीतच राहिली असती.

मागची बाजू मातकट किंवा गडद ठेवा. नाव घाला हवं तर, पण तुकडी, ठिकाण, तारीख काही भरू नका. आणि एका शर्टाचा खिसा तसाच ठेवा. माझ्या गोधडीला आतल्या बाजूने होता, बटणाचा. मी त्यात चिठ्ठ्या ठेवायचो, धुवायला टाकताना तेवढ्या काढायच्या.

निळादोरा
जीन्स बाद. माप साडेतीन बाय पाच, आत जुनी चादर. त्याला न सांगता पिशवी मोजली, घट्ट गुंडाळली तर बसते. निळ्या शर्टाचा खिसा शाबूत आहे, तोच ठेवते. मावशी, एकच राहिलं: गाठी कुठे लपवू? मशीनमध्ये सुटणार नाहीत ना?

सुईवाली_मावशी
माप त्याचं बरोबर, माझं घरच्या पलंगाचं होतं.

दोऱ्याच्या टोकाला बारीक गाठ मार. जिथून टाका सुरू करायचा त्याच्या इंचभर अलीकडे सुई फक्त वरच्या कापडातून घाल, टाक्याच्या जागी वर काढ आणि हलका झटका दे. टप् असा आवाज होतो आणि गाठ आत जाऊन चादरीत रुतते. संपवतानाही तसंच, उरलेलं शेपूट आतच फिरवून काप. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नकोस, ओढून ओढून विरतो आणि मध्येच तुटतो. मेणावरून एकदा फिरवलास तर गुंताही कमी होतो. खिशाच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांवर मात्र आडवे टाके दुहेरी घाल, हात घालून घालून तिथलंच आधी उसवतं. आणि अंगुस्तान घाल गं बोटात, महिनाभर शिवायचंय.