धुऱ्याला कोरडा दगडी बांध, की सिमेंटची भिंत?

काटोल_रोड: हिंगण्याकडच्या उताराच्या वावरात खोदकामात काळा दगड निघाला, ढीग पडलाय. त्याचीच कमरेइतकी भिंत धुऱ्याला, म्हणजे वावराच्या हद्दीला, रचायची म्हणतो, बिनसिमेंटची. ठेकेदार हसला. पण फटींतून पाणी निघून जातं, मागे दाब साठत नाही. सिमेंटच्या भिंतीला पाण्याची भोकं ठेवली नाहीत, की तिला पोट सुटतं. मागच्या वर्षी शेजाऱ्याची आडवी झाली ना!

साइटवरचा: पाण्याचं बरोबर, मातीचं काय? आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर रचलेला बांध दोन वर्षांत वाकडा. मुरूम लागेस्तोवर खोदावंच लागेल. मग एवढं खोदल्यावर काँक्रीट काऊन नाही?

मालवणी_नागपुरात: आमच्याकडे कोकणात गडगे, म्हणजे असेच कोरडे दगडी बांध, पिढ्यानपिढ्या उभे आहेत, अन् पाऊस इथल्या तिपटीच्या आसपास. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, मधेमधे भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड, आणि वर जाताना दोन्ही बाजू किंचित आत. पोटात माती नाही, दगडाच्या चिपा ठासायच्या. कंटाळा करून माती भरली की गडगा गेलाच.

साइटवरचा: तुमच्या गडग्याखाली जांभा असतो, दादा. इथं नाही.

संत्रा_बाग: फटी म्हणजे सापांची सोय. लेकरं खेळतात तिथं मी तरी नाही रचणार.

काटोल_रोड: साप तर उंदरांमागं येतात, ते गोठ्यातही आहेत. युनेस्कोनं 2018 मध्ये हीच कला वारसा यादीत घेतली, युरोपातल्या आठ देशांची. आणि आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीची प्राचीन शिळावर्तुळं सिमेंटविनाच टिकली ना?

साइटवरचा: युनेस्को तुमचा बांध रचायला येणार हाये काय? अन् जुनापाणीचे दगड जमिनीवर नुसते बसलेत, मागून माती ढकलत नाही त्यांना. खरी अडचण मिस्त्रीची. विटांचे ढीगभर भेटतात. अनघड दगड हातात फिरवून त्याची बैठक ओळखणारा शोधून दाखवा.

काटोल_रोड: एक वडार आजोबा भेटलेत, पंच्याहत्तरीचे. दगड पोरं उचलतील, ते नुसते बसून सांगतील. खालच्या टोकाला मुरूम अडीच फुटांवर लागला. वीस फूट रचून पाहतो.

साइटवरचा: रचा. मागे दगडाच्या चिपा भरा, माती नको. ट्रॅक्टर मात्र मी त्या बाजूनं लावणार नाही.