गणिताच्या तासाला विज्ञान, इतिहास आणि अभियांत्रिकी हवी का?

खाडीकाठ (ठाणे पूर्व), चर्चाप्रस्ताव:

दहावीच्या भूमितीत त्रिकोणमिती शिकवताना आपण मुलांना एक मनोरा, एक निरीक्षक आणि एक उन्नत कोन देतो, पण त्या मनोऱ्याची उंची कोणाला आणि कशासाठी हवी आहे, हे कोठेच सांगितलेले नसते. गणितातील प्रत्येक मोठा विषय ज्या गरजेतून किंवा कुतूहलातून उभा राहिला तेथूनच तो शिकवायला सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेतो. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरांत १ मीटर, असा आहे. नाशिककडे जाताना कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारे जादा इंजिन, जोडतात, हे आपल्या अनेक मुलांनी पाहिलेले असते. पोलादी चाकाची पोलादी रुळावर पकड कमी असते, त्यामुळे मोटारीला जाणवणारही नाही असा दीड अंशाचा चढ आगगाडीला जड जातो. अर्धा किलोमीटर लांबीची गाडी पूर्णपणे या चढावर असली, तर तिचे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा साडेतेरा मीटर उंच असते. हे गणित फळ्यावर मांडले की एखादी मुलगी विचारते, ‘हे ३७ मीटर रुळावर मोजायचे की नकाशावर?’ म्हणजे साइन घ्यायचे की टॅन? पायथागोरसच्या प्रमेयाने पाहिले तर ३७ मीटरांत दोहोंचा फरक अवघा १.३५ सेंटिमीटर येतो. लहान कोनांना साइन आणि टॅन इतके जवळ का येतात, हा प्रश्न त्यानंतर शिक्षकाला विचारावा लागत नाही, तो वर्गातूनच येतो.

वाशीकर (निवृत्त गणित शिक्षिका):

उदाहरण सुंदर आहे, तरीही मी या मताच्या विरोधात आहे. बीजगणित आणि भूमिती यांचे ४०-४० गुणांचे पेपर समोर असताना बँकर इंजिनावर एक तास गेला, तर सरावाचा एक तास कमी झाला, आणि ज्या मुलाची अपूर्णांकांची बेरीज अजून चुकते त्याचे नुकसान सर्वांत जास्त होते. त्याला घाट लक्षात राहील, गुणोत्तर राहणार नाही. शिवाय लांबलचक उताऱ्यातून आकडे वेचण्यात अडखळणारी मुले गणितात नव्हे, वाचनात नापास होतात.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. सगळेच गणित गरजेपोटी जन्मलेले नाही. ग्रीक गणिती अपोलोनियसने शंकुच्छेदांचा, म्हणजे शंकू कापल्यावर मिळणाऱ्या लंबवर्तुळासारख्या वक्रांचा, अभ्यास इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास केला. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे खगोलशास्त्रज्ञ केप्लरने प्रसिद्ध केले ते १६०९ मध्ये. अठराशे वर्षे ते गणित कोणत्या यंत्राच्या उपयोगी पडले म्हणून टिकले नाही. ‘याचा उपयोग काय?’ याचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे न जाण्याची सवय मुलांना लावणे मला घातक वाटते.

घणसोली (पालक):

बाईंच्या म्हणण्यात मी एक भर घालतो. शाळांमध्ये ‘अनुभवातून गणित’ आले की ते बहुधा प्रकल्पवहीच्या रूपाने येते. आदल्या रात्री पुलाची प्रतिकृती आईवडील चिकटवतात आणि मुलगा मथळा लिहितो. ज्या घरात तेवढा वेळ आणि पैसा नाही, तेथील मूल मागे पडते. त्या प्रतिकृतीत मोजमाप नावालाही नसते.

खाडीकाठ:

प्रकल्पवहीविषयीचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. मोजमाप नसेल तर ते गणितच नव्हे. शंकुच्छेदांविषयी मात्र बाईंशी माझा मतभेद आहे. मी गरजेइतकेच कुतूहल म्हटले होते. अपोलोनियसपासून केप्लरपर्यंतचा तो दीर्घ काळ हाच मुलांना सांगण्यासारखा इतिहास आहे, कारण उपयोग ठाऊक नसतानाही गणित का करावे याचे उत्तर त्यात मिळते. तो वगळला तर लंबवर्तुळाचे सूत्र पाठ करण्यापलीकडे हाती काही राहत नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे, म्हणून एका तासाचा आणि बिनखर्चाचा प्रयोग सुचवतो. २१ मार्चच्या आसपास ठाण्यात सूर्य सर्वांत उंच येतो तो बारा वाजता नव्हे, तर सुमारे पाऊण वाजता, मुख्यतः कारण आपले घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचे आहे आणि आपण ७३ अंशांजवळ राहतो. त्या क्षणी मैदानात उभ्या केलेल्या एक मीटरच्या काठीची सावली सुमारे ३५ सेंटिमीटर पडते. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या डोक्यावर असतो, म्हणून सावलीवरून निघणारा १९.२ अंशांचा कोन म्हणजे ठाण्याचा अक्षांश. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने सावलीच्याच कोनावरून पृथ्वीचा परीघ काढला होता. त्याला मिळालेला कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका होता.

वाशीकर:

२१ मार्चला परीक्षा असतात आणि तसाच दुसरा दिवस म्हणजे २३ सप्टेंबर, तेव्हा आभाळ भरलेले असते. शिवाय पुस्तकात त्रिकोणमितीय गुणोत्तरे ३०, ४५ आणि ६० अशा ठरावीक कोनांचीच आहेत, १९.२ अंश मुले कशी काढणार?

खाडीकाठ:

कोष्टक लागतच नाही. १०० आणि ३५ मिलिमीटर बाजूंचा काटकोन त्रिकोण वहीत काढायचा आणि कोनमापक लावायचा. अर्ध्या अंशाची चूक झाली तरी चालेल, ती किती किलोमीटरांची चूक ठरते हे पुढचे गणित आहे. दिवसासाठी २२ डिसेंबर घ्यावा. आकाश स्वच्छ असते, नाताळची सुट्टी लागलेली नसते आणि सूर्य दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास सर्वांत उंच येतो. त्या वेळी सावली सुमारे ९२ सेंटिमीटर पडते, कोन ४२.६ अंश येतो, आणि त्या दिवशी सूर्य पृथ्वीच्या अक्षाच्या कलाइतका दक्षिणेला असल्याने तो कल, २३.४ अंश, वजा केला की अक्षांश मिळतो.