हार्ली रीडला मध्यात जुंपायचं की पुढे मोकळा सोडायचा?

पर्थचा_पाहुणा

क्रिकेटच्या धाग्यावर दोनशे प्रतिसाद आणि फूटीच्या धाग्यावर आम्ही चार टाळकी, हे ठाऊक असूनही लिहितोय. ज्यांनी फूटी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: ऑस्ट्रेलियन रूल्स, अंडाकृती मैदान, अंडाकृती चेंडू, एका बाजूला १८ जण, आणि ऑफसाइड वगैरे काही भानगड नाही.

हार्ली रीड हा व्हिक्टोरियातल्या टोंगाला नावाच्या दूधदुभत्याच्या छोट्या गावातला पोरगा. २०२३च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी नवी पोरं निवडण्याच्या वार्षिक वाटपात, पर्थच्या वेस्ट कोस्ट ईगल्सने (आमचा क्लब) त्याला पहिल्या क्रमांकावर उचललं. बाकीचे क्लब तो पिक (निवडीची पाळी) आमच्याकडून काढून घ्यायला टपले होते, पण आपल्या लोकांनी सोडला नाही. २०२४च्या पहिल्या फेरीपासून तो खेळतोय. वयाच्या अठराव्या वर्षापासून त्याला थेट सेंटर स्क्वेअरमध्ये (मैदानाच्या मधला चौकोन), दांडग्या गड्यांच्या घोळक्यात सोडलाय. कारण सरळ आहे, दुसरं कोणी नव्हतंच.

माझं म्हणणं असं. याची खरी दौलत म्हणजे पहिली पाच पावलं आणि तो सरळ केलेला हात. इथले लोक त्याला 'डोन्ट आर्ग्यू' म्हणतात. कबड्डीत चढाईवाला निसटतो तसं नाही, हा समोरच्याच्या छातीवर पंजा ठेवून त्यालाच मागे सारतो. २०२४मध्ये मेलबर्नविरुद्ध सेंटर बाउन्सवरून (मध्यात चेंडू आपटून खेळ सुरू करण्याची पद्धत) सुटून त्याने लांबून मारलेला गोल आठवा. पण हे सगळं ताज्या पायांनीच जमतं. पूर्ण वेळ मिडफिल्डर म्हणजे एका सामन्यात बारा-तेरा किलोमीटर पळणं आलं. तिसऱ्या क्वार्टरला त्याची पावलं जड झालेली मला तरी स्पष्ट दिसतात.

म्हणून बाउन्सला आत ठेवा आणि चेंडू सुटला की पुढच्या पन्नास मीटरमध्ये, गोलजवळ पाठवा. डस्टिन मार्टिनने रिचमंडमध्ये हेच केलं आणि २०१७मध्ये एकाच वर्षात ब्राउनलो (हंगामातला सर्वोत्तम) आणि नॉर्म स्मिथ (ग्रँड फायनलमधला सर्वोत्तम) दोन्ही मेडल घेतली. योगायोग बघा, दोघंही बेंडिगो पायोनिअर्स या ज्युनिअर संघाचे. शर्यतीचा बैल नांगराला का जुंपताय?

कोपऱ्यातला_रकमन

पाहुणे, मार्टिनचं नाव निघणार हे शीर्षक वाचूनच कळलं होतं.

रिचमंडमध्ये मार्टिन पुढे जाऊन उभा राहायचा तेव्हा मागे कॉचिन आणि प्रेस्टिया चेंडू उपसत असायचे. वेस्ट कोस्टने २०२५मध्ये २३ सामन्यांत १ जिंकला. एक! अशा टीमच्या फॉरवर्डकडे चेंडू पोचतो कुठे? रीडला पुढे ठेवलात तर तो कमरेवर हात ठेवून लांबून मॅच बघेल, आणि ते बघायला मी सबस्क्रिप्शनचे पैसे भरत नाही. निदान मध्यात तो चेंडूजवळ तरी असतो.

दुसरं, घोळक्यातलं काम घोळक्यातच शिकता येतं. रकमनच्या (उडी मारून चेंडू साथीदारांकडे टोलवणारा उंच गडी) हातातून चेंडू कुठल्या बाजूला पडणार, पाठ कुणाला लावायची, अंगाला चिकटलेल्या टॅगरला कसं झुलवायचं, हे पुढे उभं राहून येत नाही. मार खाऊ दे. आत्ताच खाल्लेला बरा.

सुमेधा_जिलाँग

दोघांचंही पटलं नाही. :)

निक डायकॉसला कॉलिंगवूडने २०२२मध्ये हाफ बॅकला, म्हणजे मागच्या फळीत, खेळवलं. मैदान समोर दिसतं, अंगावर येणारे कमी, चेंडू भरपूर. रायझिंग स्टार (सर्वोत्तम तरुण खेळाडूचं बक्षीस) जिंकला आणि पुढच्या वर्षी मध्यात आला तो तयार होऊनच. रीडलाही एक वर्ष मागे का नाही?

पर्थचा_पाहुणा

सुमेधाताई, डायकॉस चेंडू कापून पोचवणारा. त्याला समोर जागा दिली की तो वीस जणांच्या हालचाली एकदम बघतो. रीडला समोर माणूस लागतो, पाडायला. मागे ठेवलात तर त्याची निम्मी ताकद वाया, आणि हाफ बॅकला एकदा झटका फसला की थेट समोरच्यांचा गोल.

रकमनभाऊ, मेलबर्नच्या पेट्राकाचं काय? २०१४च्या ड्राफ्टचा दुसरा पिक. पहिलं वर्ष गुडघ्यात गेलं, मग कितीतरी हंगाम हाफ फॉरवर्डला काढले, पूर्ण वेळ मध्यात आला तो उशिरा. २०२१च्या ग्रँड फायनलमध्ये ३९ डिस्पोजल्स (पायाने वा हाताने चेंडू पुढे देणं) आणि नॉर्म स्मिथ. घाई केली नाही म्हणूनच ना?

कोपऱ्यातला_रकमन

घाई केली नाही कारण करायची गरज नव्हती. मेलबर्नकडे आत ऑलिव्हर आणि वायनी होते. तुम्ही दर वेळी भरल्या घरातलं उदाहरण देताय आणि इथे डबे रिकामे. आपल्याकडेही घर भरलेलं होतं एकेकाळी. आपला रकमन नाइटानुई चेंडू नेमका हातात आणून द्यायचा, शुई उचलून पळायचा. २०१८चं ग्रँड फायनल नाइटानुई जखमी असतानाही जिंकलो आणि नॉर्म स्मिथ शुईला. तशा टीममध्ये अठरा वर्षांचा पोरगा आला असता तर मीच म्हणालो असतो, बस पुढे, शीक निवांत.

वानखेडे_ते_वाका

मी फूटीतला कच्चा लिंबू, पण भूमिका बदलल्याने नशीब बदलतं याला आपल्या घरचा पुरावा आहे. १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली म्हणून सचिनला वनडेत सलामीला पाठवलं. ४९ चेंडूंत ८२! तोवर तो मधल्या फळीत उरलीसुरली षटकं खेळत होता. सगळ्यात धारदार हत्यार सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त वापरावं. तेव्हा रीड मध्यातच. रकमन यांना +१.

पर्थचा_पाहुणा

अहो, पण सचिन तेव्हा सव्वाचार वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळून झाला होता. तुमचा पुरावा माझ्या बाजूने साक्ष देतोय.

नाना_जूनडलप

एक गोष्ट कोणी बोलत नाही. २०२४मध्ये सेंट किल्डाच्या डार्सी विल्सनला त्याने आपटलं आणि दोन सामन्यांची बंदी ओढवून घेतली. बंदी आली की रायझिंग स्टारची पात्रता जाते, हा तेव्हाचा नियम. ते बक्षीस जिलाँगच्या डेम्प्सीला गेलं. डोक्याला मार लागेल असं पाडणं आता लीग खपवून घेत नाही, आणि घेऊही नये. भूमिका कुठली द्यायची ते द्या, आधी पोराला हात आवरायला शिकवा.

सुमेधा_जिलाँग

डेम्प्सीचं नाव काढलंत, नाना, तुम्हाला आमच्याकडून चहा.

कोपऱ्यातला_रकमन

नाना, मुद्दा बरोबर पण त्याचा भूमिकेशी काय संबंध?

नाना_जूनडलप

संबंध आहे. दमलेला माणूस पायाने पोचत नाही, मग हाताने ओढतो. असले वाकडे टॅकल बहुतेक तिथून येतात. मी शाळेत कबड्डीला पंच होतो, दमलेल्या बचावाचे हात कुठे जातात ते पुष्कळ पाहिलंय. पाहुण्यांच्या दमछाकीच्या मुद्द्याला माझं म्हणून अनुमोदन.

ऑसकिकची_आई

तज्ज्ञांमध्ये मधेच बोलते. माझा सात वर्षांचा मुलगा शनिवारी ऑसकिकला (लहान मुलांची फूटी) जातो. गटातली निम्मी पोरं रीडचा ९ नंबरचा जंपर घालून येतात आणि चेंडू हातात नसतानाही पंजा पुढे करून पळतात. आमच्याकडे दोन भिंतींवर आणि एका आजीवर प्रयोग झालेला आहे. तुमच्या रीडला कुठेही खेळवा, पण टीव्हीवर थोडं कमी दाखवा.

कोपऱ्यातला_रकमन

आजी पडल्या की उभ्या राहिल्या? त्यावरून टॅकलचा दर्जा ठरवता येईल.

ऑसकिकची_आई

आजींनी कान धरला. क्लिअरन्स (घोळक्यातून चेंडू बाहेर काढण्याचा मान) आजींना.

पर्थचा_पाहुणा

हाहा. आजींना ड्राफ्टमध्ये घ्या.

बरं, रिकाम्या डब्यांचा मुद्दा मान्य. जिथे चेंडूच पोचत नाही तिथे फॉरवर्ड म्हणून उभं करण्यात शहाणपण नाही. पण रिकामेपण कायमचं नाही ना? बेकर आणि ग्रॅहम आले, २०२५च्या ड्राफ्टमध्ये पुन्हा पहिला पिक मिळून विलेम डुर्स्मा आला. रीडने २०२८पर्यंत सही केली आहे. हॉर्न-फ्रान्सिस नॉर्थ मेलबर्नमधून एका वर्षात निघून गेला तशी टांगती तलवार निदान सध्या नाही. मग पोराला आत्ताच पिळून काढायची घाई कुणाला? कोच मॅकक्वॉल्टरच्या जागी मी असतो तर क्वार्टरच्या पहिल्या दहा मिनिटांत त्याला मध्यात पूर्ण मोकाट सोडला असता आणि पुढच्या दहा मिनिटांत गोलजवळ ठेवला असता, एखाद्या ठेंगण्या डिफेंडरसमोर.

कोपऱ्यातला_रकमन

हे ऐकायला छान. पण २०१९पासून सहा-सहा-सहाचा नियम आहे (सुरुवातीला पुढे, मध्ये, मागे सहा-सहा जण). बाउन्सला स्क्वेअरमध्ये चारच जण, त्यात एक रकमन, म्हणजे मिडफिल्डर तीन. रीड पुढे गेला की त्याच्या बदली पुढून कोणीतरी मध्यात यायला हवा, आणि तो चौथा मिडफिल्डर घोळक्यात टिकणारा हवा. नाव सांगा. बेकर सोडून, तो काय काय करणार एकटा?

शिवाय अदलाबदली बेंचवरून करायची तर सामन्याला ७५चीच मर्यादा. तुमचं दहा-दहा मिनिटांचं गणित दुसऱ्या क्वार्टरलाच फिस्कटेल.

पर्थचा_पाहुणा

नाव सांगतो: रूबेन गिन्बी. मागे अडकवून ठेवलाय त्याला. अंगाने दणकट, टॅकलला भूक. त्याला मध्यात आणा, रीडला श्वास घेऊ द्या.

कोपऱ्यातला_रकमन

आणि गिन्बीच्या जागी मागे कोण? तुम्ही एक चादर चार माणसांना पांघरताय. पाय झाकला की डोकं उघडं.

वानखेडे_ते_वाका

पैज लावा ना राव. पहिल्या सामन्यात रीड किती बाउन्सना आत असतो ते मोजू. तीन चतुर्थांशांहून जास्त असेल तर पाहुणे सगळ्यांना वडापाव देतील.

पर्थचा_पाहुणा

मंजूर. पण कमी निघाला तर रकमनभाऊंनी द्यायचे. चटणी घरची हवी.

नाना_जूनडलप

मोजणार कसे? २०२६पासून सेंटर बाउन्स बंद झालाय, पंच आता चेंडू वर फेकतात. पैजेचा कागद दुरुस्त करा आधी.