धावत्या गाडीत कोणाचे तिकीट पाहून झाले, याचा हिशोब तपासनीस कसा ठेवतो? (मदत हवी आहे)

नमस्कार,

रेल्वेगाडीतील तिकीट तपासणीवर मी एक लेख लिहीत आहे. तिकीट खरे की बनावट हे कसे ओळखतात, याची माहिती बऱ्यापैकी जमली आहे; लेख अडला आहे तो त्याच्या पुढच्या टप्प्यावर. दर स्थानकावर काही माणसे उतरतात, काही चढतात, काही डबा बदलतात. अशा वेळी आपण कोणाचे तिकीट पाहिले आणि कोणाचे पाहायचे राहिले, हे तपासनिसाला नेमके कसे कळते? हे काम स्वतः केलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आरक्षित डब्यांचे गणित तसे सरळ आहे, कारण तिथे तपासणी माणसाची नव्हे, तर जागेची होते. भारतात टीसीच्या हाती पूर्वी कागदी चार्ट असे. आता अनेक गाड्यांत त्याऐवजी हातात धरायचे यंत्र असते. प्रवासी आला नाही की तशी नोंद होते आणि रिकामा बर्थ आरएसी किंवा प्रतीक्षा यादीतल्या प्रवाशाला मिळतो. जपानमध्ये तोकाइदो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनच्या साध्या आरक्षित डब्यांत २०१६ पासून सरसकट तपासणीच बंद झाली. कोणती आसने विकली गेली आहेत हे तपासनिसाला यंत्रावर दिसत असल्याने, न विकलेल्या आसनावर कोणी बसलेले आढळले तरच तो चौकशी करतो. जर्मनीत प्रवासी अ‍ॅपवरून आपण जागेवर बसल्याचे स्वतःच कळवू शकतो आणि मग तपासनीस सहसा त्याला हटकत नाही.

खरा पेच आहे तो आसन ठरवून न दिलेल्या गाड्यांचा. यावर मला सापडलेला सर्वांत सुबक उपाय अमेरिकेतला आहे. तिथला तपासनीस तिकीट पाहिल्यावर प्रवाशाच्या डोक्यावरच्या सामानाच्या फळीला एक कागदी चिठ्ठी खोचतो आणि तीवर उतरण्याच्या स्थानकाचा तीन अक्षरी संकेत लिहितो. शिकागोसाठी ‘सीएचआय’, असा. पुढचे स्थानक गेल्यावर तो डब्यातून चालत निघाला, की माणूस आहे पण वर चिठ्ठी नाही, तो प्रवासी नवा. चिठ्ठीवरचे स्थानक जवळ आले आणि प्रवासी झोपलेला आहे, तर त्याला उठवायचे. अ‍ॅमट्रॅक या तिथल्या रेल्वे कंपनीने २०१२ मध्ये तपासनिसांच्या हाती तिकीट स्कॅन करणारे आयफोन दिले, पण त्यानंतरही या चिठ्ठ्या चालू राहिल्या, आणि मला त्यात नवल वाटत नाही: संपूर्ण डबा एका नजरेत वाचण्याची सोय हातातल्या छोट्या पडद्यावर होणे अवघड आहे. जागा बदलणाऱ्याने आपली चिठ्ठी सोबत न्यावी, अशी अपेक्षा असते. त्याने ती तिथेच सोडली आणि त्या जागी दुसराच कोणी येऊन बसला, तर हा घोटाळा तपासनिसाच्या लक्षात कशावरून येतो?

दुसरा प्रश्न तपासनीस मध्येच बदलतो तेव्हाचा आहे. जुन्या पद्धतीत तिकिटावर चिमट्याने छिद्र पाडत आणि काही रेल्वेंमध्ये प्रत्येकाच्या चिमट्याचा आकार वेगळा असे, त्यामुळे तिकीट कोणी तपासले हे नंतरही सांगता येई. जर्मनीतल्या चिमट्याच्या शिक्क्यात तर गाडीचा क्रमांक आणि तारीखही उमटे. आता ही खूण कागदावरून यंत्रात गेली आहे. युरोपात बऱ्याच तिकिटांवर असलेल्या अ‍ॅझ्टेक कोडमध्ये (क्यूआर कोडसारखी चौकोनी खूण) डिजिटल सही असते, त्यामुळे नेटवर्क नसतानाही ते तिकीट अस्सल आहे की नाही हे यंत्र सांगू शकते. मात्र अस्सल असणे वेगळे आणि आधी वापरलेले नसणे वेगळे. एकाच तिकिटाचे चित्र दोन फोनांत असेल आणि दोन तपासनिसांनी दोन डब्यांत ते तपासले, तर नेटवर्क येऊन दोन्ही यंत्रांच्या नोंदी जुळेपर्यंत ही चोरी कळणार कशी? बोगदे आणि घाट असलेल्या मार्गांवर प्रत्यक्षात काय करतात, हे मला विशेष करून जाणून घ्यायचे आहे. तिकिटासोबत ओळखपत्र पाहणे हा एक उपाय आहेच, पण गर्दीच्या गाडीत तो प्रत्येकाच्या बाबतीत पाळला जातो का?

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपघात झाला किंवा गाडी रिकामी करावी लागली, तर आत कोण होते हे कशावरून ठरवतात? भारतात आरक्षित डब्यांची नावानिशी यादी असते. दारावरचे संवेदक माणसे मोजतात, डब्याच्या हवेच्या स्प्रिंगमधील दाबावरूनही भाराचा अंदाज येतो. पण या दोन्हींतून आकडा मिळतो, नावे मिळत नाहीत. हरवलेल्या माणसाचे नातेवाईक विचारायला येतात, तेव्हा त्यांना आकडा पुरत नाही. अनारक्षित डब्यातील प्रवाशांच्या बाबतीत तपासनिसाच्या स्कॅनच्या नोंदी अशा वेळी प्रत्यक्ष वापरल्या जातात का? की त्या केवळ महसुलाच्या हिशोबासाठी ठेवतात?

कोणत्याही देशातील रेल्वेचा अनुभव चालेल. यंत्राच्या पडद्यावर काय काय दिसते, प्रवासी न आल्याची नोंद कोणत्या क्षणी करतात आणि पाळी बदलताना पुढच्या माणसाला तोंडी काय सांगतात, असे बारीकसारीक तपशील मिळाले तर फार उपयोग होईल.