मदत हवी आहे: पोलीस ठाण्यात मारहाण, भरपाईसाठी कुठे जावं?

अनेरकाठ: ओळखीतल्या पावरा (आदिवासी) मुलाला चोरीच्या संशयावरून पोलीस ठाण्यात नेलं, रात्रभर ठेवून सकाळी सोडलं. परवाची गोष्ट. अटक दाखवलेली नाही. पाठीवर वळ, तळपाय सुजलेले. हातात फक्त खासगी दवाखान्याची चिठ्ठी. कुणी नाशिक म्हणतं, कुणी औरंगाबाद खंडपीठ. आधी काय करायचं?

कोर्टकारकून: भाऊ, कोर्ट नंतर. आजच सिव्हिल हॉस्पिटलला नेऊन एमएलसी (कायदेशीर प्रकरण म्हणून होणारी वैद्यकीय नोंद) करा. कशाने, कुठे, किती वाजता मारलं ते मुलाने स्वतः सांगायचं. ‘पडला’ असं लिहिलं गेलं की पुढचं सगळं लंगडं. वळ निळा, मग हिरवट-पिवळा होत दोनेक आठवड्यांत जातो आणि त्यासोबत पुरावाही. काठीचा वळ बहुधा दोन समांतर रेघांचा, मधे फिकट. शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. तळपायाचा मार आत मुरतो, एक्स-रे मागा.

अटकच नाही, म्हणजे ‘मुलगा आलाच नव्हता’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) तारीख-वेळ टाकून ‘सीसीटीव्ही फुटेज जतन करा’ असा अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात १८ महिने, निदान वर्षभर साठवण सांगितली आहे. प्रत्यक्षात ‘कॅमेरा बंद होता’ ऐकायला मिळतं, तेव्हा हाच अर्ज उपयोगी पडतो. माहिती अधिकारात प्रत मागायला नंतर वेळ आहे.

तापीवकील: मुदत सांभाळा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ आडवं येतं: कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत दावा. त्याआधी पोलिसाला महिन्याची नोटीस, शासनाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची. मारहाण हे कर्तव्यच नव्हे, असा युक्तिवाद होतो. त्या भरवशावर बसू नका.

महसुलाला आपण नाशिक विभागात, पण जळगाव, धुळे, नंदुरबारची रिट (मूलभूत हक्कांसाठी हायकोर्टात करायची याचिका) औरंगाबाद खंडपीठातच. नीलाबती बेहेरा या कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात (१९९३) सुप्रीम कोर्टाने दीड लाख देववले, सरकारचं सार्वभौमत्वाचं कवच मानलं नाही. मात्र तथ्यांवरच वाद असेल तर हायकोर्ट दिवाणी दाव्याची वाट दाखवतं. एमएलसीचा आग्रह म्हणूनच. मानवी हक्क आयोगाला फी नाही, वर्षाची मुदत आहे, पण तो शिफारसच करतो. अनुसूचित जमातीला विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही.

अनेरकाठ: एफआयआर घेत नाहीत. वर ‘मिटवून टाका, सही करा’ म्हणून निरोप आलाय.

तापीवकील: एसपींना लेखी तक्रार, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). तरी हलले नाहीत तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५ खाली अर्ज. आणि सही नकोच. कोऱ्या कागदावरचा अंगठा पुढे ‘माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही’ असा जबाब होऊन फायलीत निघतो.