मदत हवी आहे : हेम्पस्टेडच्या जमिनीचा जुना व्यवहार

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड या उपनगरी व्हिलेजच्या इतिहासावर लेख लिहितोय. गंमत बघा, १६४४ मध्ये जमिनीची सनद दिली तिथल्या डच वसाहतीच्या गव्हर्नर विलेम कीफ्टने आणि वसले इंग्रज! १६६४ मध्ये सत्ताही इंग्रजांकडे गेली. १८५३ मध्ये व्हिलेजला स्वतःचा कारभार मिळाला. रेल्वे, मोटारी, शेतांच्या जागी उठलेली घरं हा भाग सहज सापडतो. माझं घोडं अडलंय सुरुवातीलाच. तिथल्या मूळ आदिवासी रहिवाशांच्या लेखी वसायला आलेल्या इंग्रजांशी झालेला जमिनीचा व्यवहार विक्री होता की नुसती वापरण्याची मुभा? आणि डच सनदेला इंग्रजी अमलात कितपत किंमत उरली? वसाहतकाळातली जमिनीची कागदपत्रं कुणी चाळली आहेत का? कोणत्या दप्तरापासून सुरुवात करू?